शेजारच्या सीटवर कुणी रडत असेल तर

एका तरुण बहिणीचा प्रश्न असा आहे: "मी संकेश्वरची. रोज बसनं बेळगावला कामाला जाते. मागच्या आठवड्यात परतीच्या गाडीत शेजारची बाई काकतीपासून तोंडाला पदर लावून रडत होती. तिला प्रभूचं काहीतरी सांगावं असं फार वाटलं, पण जीभ उचलली नाही. हत्तरगीला ती उतरायला लागली तेव्हा घाईघाईनं पर्समधली येशूबद्दलची छापील पत्रिका तिच्या हातात दिली. तिनं ती न बघताच सीटवर ठेवली आणि उतरली. तेव्हापासून मन खातंय. अशा वेळी काय करावं, काय बोलावं?"

सलाम पोरी. त्या बाईनं पत्रिका ठेवली म्हणजे प्रभूला नाकारलं, असं मनातून काढून टाक. तिच्या एका हातात पिशवी असेल, डोळ्यांत पाणी, आणि पुढून कंडक्टर "बेग इळीरी", लवकर उतरा, म्हणून ओरडत असेल. रडणाऱ्या माणसाला छापलेलं अक्षर दिसत नाही. मात्र काकती ते हत्तरगी अर्धा तास तरी तुझ्याजवळ होता, आणि त्या अर्ध्या तासात पत्रिकेपेक्षा साधं काहीतरी देता आलं असतं. तेच आता सविस्तर सांगते.

मी मिरजेला नर्सिंग शिकले, ३१ वर्षं सीमाभागातल्या दवाखान्यांत ड्युटी केली आणि निवृत्तीनंतर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वतीनं रुग्णभेटी करते. घर खानापूरला. त्यामुळं आयुष्याचा मोठा हिस्सा लोंढा-मिरज पॅसेंजरमध्ये नाहीतर बसमध्ये गेला. डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात मिरजेत मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून आपल्या पट्ट्यातली माणसं दुखणं घेऊन त्याच रुळांवरून मिरजेला जातात. आता बेळगावातच मोठे दवाखाने झाले, कोल्हापूर जवळ आलं, पण गाडीतलं दृश्य बदललेलं नाही. सकाळी जाताना माणसं बोलत असतात. दुपारनंतर परतताना मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा असतो, काचेचा असावा तसा दोन्ही हातांनी धरलेला, आणि माणूस गप्प असतो.

शिवाय ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. याची एक बाजू फार कुणी बोलत नाही. ज्या बायका पूर्वी तिकिटाच्या पैशापायी घराबाहेर पडत नव्हत्या, त्या आता दवाखान्यात पडलेल्या बहिणीला बघायला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, नांदणं मोडलेल्या लेकीला आणायला जातात. घरात रडायची सोय नसते. सासू असते, पोरं असतात. खिडकीजवळची सीट मिळाली की तिथं पहिल्यांदा रडायला मिळतं. म्हणून सगळ्यात आधी तिला रडू द्यायचं. "रडू नका आक्का" हे आपण तिच्यासाठी म्हणत नाही; आपल्याला बघवत नाही म्हणून म्हणतो. मीही कैक वर्षं म्हणायचे, मग सोडून दिलं.

तिच्या आणि गर्दीच्या मधे थोडी आड हो. उभ्या माणसांची नजर तिच्यावर पडणार नाही अशी बस. पिशवी तिच्या पायात येत असेल तर स्वतःकडं ओढून घे. पाण्याची बाटली झाकण सैल करून पुढं धर. थरथरत्या हातांना घट्ट झाकण उघडत नाही, हे वॉर्डात शिकलेलं. एवढं करून गप्प राहा. दहा मिनिटं गप्प राहिलीस तरी चालेल. बायबलमधल्या दुःखानं खचलेल्या ईयोबाचे तिघे मित्र त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस आणि सात रात्री बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं तेवढंच बरोबर होतं. बोलायला लागल्यावर सगळं बिघडलं.

बोलायची सुरुवात प्रश्नानं कर, आणि तो प्रश्न दुःखाबद्दल नसावा. "काय झालं?" हा फार मोठा प्रश्न आहे, त्याला उत्तर देताना माणूस पुन्हा कोसळतो. "कुठवर जायलाय?" किंवा "जेवलासा काय?" विचार. मराठीत उत्तर आलं नाही तर "ऊट आत री?", म्हणजे तेच कानडीत, विचार. कानडी तोडकं असलं तरी विचार. बेळगावात कोण कुठल्या भाषेत बोलतं यावरनं भांडणं होतात, आणि तोंड उघडायच्या आधी माणूस समोरच्याची भाषा चाचपतो. तू तिच्या भाषेत आलीस की तिची अर्धी भीती जाते. "हेदरबेडी", म्हणजे भिऊ नका, हा एक कानडी शब्द मी जेवढ्या वेळा वापरलाय तेवढं बायबलमधलं कुठलंही वचन वापरलेलं नाही. खरं तर तेही वचनच आहे. पवित्र शास्त्रात देवाचे दूत माणसांशी बोलायला लागतात ते कितीतरी वेळा याच शब्दानं.

अम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. मी तो प्रवासाआधी पुन्हा पुन्हा वाचते. प्रभू क्रुसावर मेला म्हणून दोघं शिष्य खिन्न होऊन चाललेत. मरणातून उठलेला प्रभू मागून येतो, त्यांना ओळखू येत नाही, त्यांच्या चालीनं चालायला लागतो आणि विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत चाललाय? ते उलट विचारतात, यरुशलेमेत काय झालं हे तुलाच तेवढं ठाऊक नाही काय? त्याला सगळं ठाऊक होतं. ते त्याच्याच मरणाबद्दल बोलत होते! तरी तो विचारतो, "कोणत्या गोष्टी?" आणि त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू देतो. शास्त्र उलगडून सांगणं नंतर येतं. आणि गाव आल्यावर तो पुढं जायचा रोख दाखवतो, ते आग्रह करतात तेव्हाच आत शिरतो. दुःखी सहप्रवाशाशी कसं वागावं हे मला विचारशील तर सगळं त्या अध्यायात आहे. आपण मात्र शास्त्र उलगडण्यापासून सुरुवात करतो, कारण तेवढंच आपल्याला मंडळीत शिकवलेलं असतं.

माझी एक चूक सांगते. ती आठवली की अजून मान खाली जाते. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. मिरजेहून परतीच्या पॅसेंजरमध्ये समोर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर लहान मुलाचे कपडे घडी घालून ठेवलेले. मूल नव्हतं. शेडबाळ गेलं, उगार गेलं, मी विचारलं नाही. कुडचीला कृष्णेच्या पुलावर गाडी आली आणि तिनं ते कपडे नाकाशी धरले, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, देवाला चांगली फुलं आवडतात, म्हणून तो ती आधी उचलतो." मंडळीच्या कितीतरी अंत्यविधींत ऐकलेलं वाक्य. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या देवाकडं फुलं कमी हाईत काय?"

मला उत्तर आलं नाही. रायबागला ती उतरली. घटप्रभा येईपर्यंत मला वर बघवलं नाही. मी तिला देवाच्या नावानं असं काही सांगितलं होतं, जे देवानं कुठंच सांगितलेलं नाही. बेथानीत लाजर या आपल्या मित्राच्या थडग्यापाशी प्रभूला ठाऊक होतं की घटकाभरात आपण याला उठवणार आहोत. तरी तो आधी रडला. "लाजर बऱ्या ठिकाणी आहे" असं तो लाजराच्या बहिणीला, मरीयेला, म्हणाला नाही. हे वाचलेलं होतं, पाठ होतं, आणि त्या बाईपुढं त्याचा काही उपयोग केला नव्हता.

तेव्हापासून काही वाक्यं माझ्या तोंडाला वर्ज्य आहेत. "देवाची इच्छा." "यातनं काहीतरी चांगलंच होणार." "तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं मी बघितल्यात." "विश्वास ठेवा, नक्की बरं होणार." शेवटचं तर मी नर्स म्हणूनसुद्धा कधी म्हणत नाही. पिशवीतला रिपोर्ट मी वाचलेला नसतो, आणि वाचला असता तरी बरं करणं माझ्या हातात नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात खिन्न हृदयाच्या माणसापुढं गाणी गाणाऱ्याची तुलना थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणाऱ्याशी केली आहे. जानेवारीत खानापूरच्या स्टँडवर पहाटेच्या गाडीची वाट बघितलेल्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

मग बोलायचं काय? ऐकलेलं परत बोलायचं. "म्हणजे तीन महिने तुम्ही एकट्याच धावपळ करायलाय." "लेकाला अजून सांगितलेलं नाही तर." एवढ्यानं माणूस पुढं बोलतो. तिच्या माणसाचं नाव विचार आणि पुढं बोलताना ते नाव घे. दवाखान्यात तिचा नवरा दिवसभर "बेड नंबर अमुक" असतो. बसमध्ये एका परकीच्या तोंडून त्याचं नाव आलं की तिचा चेहरा बदलतो. हे मी शेकडो वेळा बघितलंय.

आता प्रभूचं नाव कधी घ्यायचं, हा तुझा खरा प्रश्न. माझं उत्तर असं, की विचारून घ्यायचं, आणि "नको" म्हणायला तिला सोपं जाईल असं विचारायचं. "आक्का, मी ख्रिस्ती हाय. मी उतरल्यावर मनात तुमच्या माणसासाठी प्रार्थना करीन. का इथंच, तुमच्याजवळ बसून केली तर चालेल?" यात दोन वाटा आहेत आणि दोन्ही बऱ्या. "नंतर करा" म्हणाली तर हसून मान हलवायची आणि खरोखरच नंतर करायची. "करा" म्हणाली तर अर्ध्या मिनिटाची करायची. हळू आवाजात, डोळे उघडे ठेवून, तिच्याच शब्दांत. डोक्यावर हात ठेवायचा नाही. हातावर ठेवायचा असेल तर तोही विचारून. साधारण अशी: "प्रभू येशू, या आक्कांच्या घरात आजची रात्र जड आहे. त्यांना झोप दे. त्यांच्या भावाच्या उशाशी तू थांब. उद्याच्या ऑपरेशनला डॉक्टरांचे हात स्थिर ठेव. आमेन." प्रार्थनेच्या आडून उपदेश करायचा नाही. "प्रभू, या बहिणीला तुझी ओळख होऊ दे, हिचे डोळे उघड" असं तिच्यासमोर म्हणणं म्हणजे तिच्या दुःखात आपलं काम उरकून घेणं. तिनं तुला तिच्या भावासाठी परवानगी दिलेली असते, स्वतःसाठी नव्हे.

एकच वचन द्यायचं असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं देते: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, म्हणून ते गाडीत चालतं. विसावा हा शब्द प्रवासी माणसाला लगेच कळतो.

मंडळीतले लोक इथं मला हमखास टिळकांची गोष्ट सांगतात, आणि ती खरीच आहे. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात होते. डब्यातल्या एका परदेशी गृहस्थानं सरकून त्यांना जागा दिली, संस्कृत काव्याच्या गोष्टी केल्या आणि मग नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, प्रत हातात ठेवली. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती मंडळीचा सगळ्यात मोठा कवी आगगाडीच्या डब्यातनं मिळाला, म्हणून पत्रिका वाटत सुटा, असा त्यातनं अर्थ काढतात. मी क्रम बघायला सांगते. आधी जागा दिली. मग ज्यावर टिळकांचं प्रेम होतं त्यावर बोलणं झालं. पुस्तक त्यानंतर आलं, आणि ते वाचायला उत्सुक असलेल्या, धडधाकट, पंडित माणसाला दिलं गेलं. जिचं मूल कालच गेलंय तिला नव्हे.

पत्रिकांबद्दल माझं मत कडक आहे. मागितल्याशिवाय देऊ नको. पर्समध्ये असू दे, कुणी "तुमचं काहीतरी वाचायला हाय काय?" म्हणालं तर आनंदानं दे. कायद्याचीही बाजू आहे. कर्नाटकात २०२२ साली धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा आला. त्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेनं आपल्या बेळगावातच, सुवर्णसौध या विधानभवनात, मंजूर केलं होतं. आमिष, फसवणूक, जबरदस्ती यांनी धर्मांतर करण्याला त्यात शिक्षा आहे, आणि आमिषाची व्याख्या रुंद आहे: भेटवस्तू, पैसा, नोकरी, फुकट शिक्षण, इतकंच काय, देवाचा कोप होईल अशी भीतीसुद्धा. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करायचा निर्णय घेतला. पण तू कायद्याकडं बघून वागू नको. कायदा नसता तरी दुःखी माणसाला खाऊ, पैसे, मदत देताना तिला प्रभूच्या नावाची दोरी बांधणं मला चुकीचंच वाटलं असतं. पैसे द्यायचे असतील तर नाव न घेता दे आणि विषय बदल. त्यानंतर तिनं स्वतःहून विचारल्याशिवाय प्रार्थनेचंही विचारू नको. पैशानं भारावलेल्या माणसाला "नको" म्हणता येत नाही.

तिच्या भक्तीला हात लावायचा नाही. सौंदत्तीच्या पौर्णिमेनंतरच्या एका दिवशी बसमध्ये माझ्याजवळ यल्लम्माची परडी घेतलेली एक म्हातारी बसली होती. पोरगा दवाखान्यात, दोन्ही किडन्या गेलेल्या. सगळं सांगून झाल्यावर तीच म्हणाली, "तुमच्या येशूलाबी सांगा की बाई. आईला मी सांगून आलोय." आमच्याकडं बायकाही "मी आलो, मी गेलो" असंच म्हणतात. मी तिच्यासमोर प्रार्थना केली. परडी खाली ठेव म्हणाले नाही, "येशूच खरा" असंही म्हणाले नाही. उतरताना तिनं भंडाऱ्याची चिमूट माझ्या कपाळाकडं आणली. मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "मावशी, मी लावून घेत नाही, पण तुमचा हात असाच राहू दे." ती हसली. तिनं हात काढला नाही, स्टँड येईपर्यंत. माझा विश्वास मी लपवला नाही आणि तिचा तुडवला नाही. प्रभूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हणतो, पण सौम्यतेनं, असंही त्याच दमात म्हणतो. आणि विचारणाऱ्याला, हा शब्दही त्यातच आहे.

कधी कधी बोलायची गरजच नसते. सीमावाद तापला की दोन्ही राज्यांच्या बस बंद होतात, गाड्या कोगनोळीच्या नाक्याअलीकडं अडतात आणि दवाखान्याला निघालेली माणसं उन्हात चालत पलीकडं जातात. त्या दिवशी म्हाताऱ्याची पिशवी उचल, एवढं पुष्कळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही तेच केलं. कुणाला काय वचन सांगितलं ते आठवत नाही, भाकऱ्या आठवतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, ही नीट वाच. कधी समोरचा माणूस म्हणतो, "आता जगून काय करायचं," "घरी परत जायचं नाही," किंवा अचानक फार शांत होतो आणि पोरांना कोण सांभाळेल याचा हिशेब मांडायला लागतो. शेताच्या कर्जात बुडालेला गडी असो, सासरी छळलेली पोर असो. तेव्हा वचन बाजूला ठेव आणि सरळ विचार: "जीव द्यायचा विचार मनात येतोय काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचा सुटकारा वाटतो.

लोंढा स्टेशनावर एकदा रात्री एक तिशीच्या आतला पोरगा बाकावर बसलेला दिसला. गाड्या येत होत्या, जात होत्या, तो चढत नव्हता. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपचं देणं, घरात कुणाला ठाऊक नाही. मी विचारलं. त्यानं मान हलवली. मी त्याला प्लॅटफॉर्मच्या कडेपासून आत, चहाच्या टपरीजवळ आणलं, स्टेशन मास्तरांना निरोप धाडला, आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्याकडनं भावाचा नंबर घेतला. "कुणाला सांगणार नाही असं वचन द्या" म्हणाला. मी दिलं नाही. म्हणाले, "बाळ, हे मी एकटी उचलू शकत नाही, तूही नाही." पहाटे भाऊ आला, स्वेटर उलटा घातलेला, तसाच धावत. तोवर मी एकही वचन म्हटलं नव्हतं. निघताना पोरानंच माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडं बोट केलं आणि विचारलं, "माझ्यासाठी कराल न्हवं?"

काही नंबर फोनमध्ये ठेव. १४४१६, टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आधाराची सेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत आणि कानडीतही बोलता येतं. रेल्वेत असशील तर १३९. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, संकटातल्या बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८. कुणी औषध, म्हणजे शेतातलं कीटकनाशक, प्यायलंय असं कळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नको. आपल्या गावांत अजून हे करतात आणि त्यानं विष फुफ्फुसात उतरून माणूस जातो. १०८ लाव, कुशीवर झोपव, औषधाची बाटली डॉक्टरला दाखवायला सोबत घे. पोलिसांच्या भीतीनं घरचे लपवतात. त्यांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते.

मदतीसाठी दुसऱ्याच्या हाती सोपवणं म्हणजे आपलं काम अर्धवट टाकणं, असं वाटून घेऊ नको. प्रभूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार उतारशाळेच्या रक्षकाला देऊन स्वतःच्या वाटेनं गेला. त्याचाही प्रवास होता.

तुझ्या स्वतःच्या सुरक्षेचं थोडक्यात सांगते. घरचा पत्ता द्यायचा नाही, अनोळखी माणसाबरोबर उतरायचं नाही, फोन नंबर शक्यतो द्यायचा नाही. माझ्या रुग्णभेटींच्या अनुभवात दिलेल्या दहा नंबरांतले दोन त्रासाचे निघाले. एकटा पुरुष रडत असेल तर पाणी पुढं कर आणि शेजारच्या काकांना त्याच्याजवळ बसायला सांग. तुझ्या मंडळीतल्या भावांनाही सांग, त्यांनी एकट्या बाईशी असं बोलायला जाऊ नये. पत्नी किंवा बहीण सोबत असेल तर तिला पुढं करावं.

आणि एक विनंती. रविवारी मंडळीत साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, त्या बाईचं दुःख सांगू नको. "एका बाईला मी भेटले, तिचा नवरा असा, तिची लेक तशी" असं आपण फार सहज बोलतो, आणि बेळगाव-संकेश्वर किती जवळ आहे हे विसरतो. तिसऱ्या बाकावर तिची जाऊ बसलेली असू शकते. तसं नसलं तरी ते तिनं बसमध्ये खिडकीकडं तोंड करून सांगितलेलं होतं. ते प्रार्थनेत देवाला सांग. मी एका वहीत फक्त पहिलं अक्षर आणि स्टेशन लिहिते: "र, पाच्छापूर." "स, देसूर." रात्री ती पानं उघडते. पुढं त्यांचं काय झालं हे जवळजवळ कुणाचंच मला ठाऊक नाही. पहिली काही वर्षं याचा फार त्रास व्हायचा. आता एवढंच वाटतं की माझ्या सीटनंतरही त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलं असेल.

तुझ्या त्या बाईसाठी "हत्तरगी" एवढं लिही. नाव तू विचारलं नाहीस, हरकत नाही, प्रभूला ते ठाऊक आहे. आणि त्याच गाडीत ती पुन्हा दिसली तर पत्रिकेचा विषय काढू नको, त्या दिवशीबद्दल माफीही मागू नको. खिडकीजवळची जागा तिला दे आणि विचार, "आक्का, जेवलासा काय?"